समुद्रावरच्या पोराचे डोळे

ब्रश काळ्या रंगात बुडवला, चित्रातल्या पोराच्या तोंडाजवळ नेला, आणि दारातून सुमती ओरडली, "अय्यो तात्या! काय करताय?"

"तुझं राहिलेलं काम. डोळे विसरलीस."

मी तंजावरात देवांची चित्रं करतो, फ्रेमाही करतो. फळीवर लेपानं दागिने उठवायचे, त्यावर सोन्याचा वर्ख लावायचा, आणि डोळे अगदी शेवटी काढायचे. त्याला डोळे उघडणं म्हणतात. ते झाल्याशिवाय देव दुकानाबाहेर जात नाही. आमच्या घरी डोळे बायको उघडायची, अंघोळ करून, दिवा लावून. पोंगलनंतर ती गेली. शेवटचा बाळकृष्ण तसाच भिंतीला टेकून आहे, डोळ्यांवाचून. मी बघायचं टाळतो.

सुमती आमच्या तंजावरच्या मराठी लोकांतलीच, चेन्नईत ड्रॉइंग टीचर. उद्या तिथं तिचं पहिलं एक्झिबिशन. चित्र संध्याकाळच्या ट्रेननं जायचं. कॅनव्हास फ्रेमसाठी माझ्याकडे ठेवून ती जेवायला गेली. समुद्र लाल. पोर हिरवं. तोंडाच्या जागी रंगाचे जाड फटकारे.

तिनं ब्रश हिसकावला. "एक ठिपका पडता तर सगळं संपलं असतं! डोळे दिसायचेच नाहीत त्याचे."

"आंधळं आहे का?"

"माझा मुलगा आहे तो!"

"मग तर आईनं नीट काढावा."

"तुमच्या देवासारखं नाक लावून बघू नका. रस्त्यापलीकडे जा."

"माझ्या दुकानातून मलाच बाहेर काढतेस?"

"जा हो!"

गेलो. मोपेड चुकवत फुलवालीपाशी पोचलो. वळून दारातून चित्राकडे बघितलं.

लाट येत होती. अंगावर येत होती! पोराचे खांदे कानाला लागलेले, तोंड वासलेलं, आणि ते फटकारे म्हणजे गच्च मिटलेले डोळे! हसतंय की किंचाळतंय? दोन्ही!

"मिटलेत! त्यानं डोळे मिटलेत!" मी रस्त्यात ओरडलो.

"अय्या, ऊन डोक्यात गेलं काय?" फुलवाली म्हणाली.

मी धावत आत आलो. आमची सवय, प्रत्येक चित्राला काच. पण तेलरंग आतून ओला होता, काच चिकटून रंग उपटला असता. काच नको. खोल फ्रेम हवी, म्हणजे पुढून पुठ्ठा बांधला तरी रंगाला लागणार नाही. नवी करायला वेळ नव्हता. तशी एकच तयार होती, बाळकृष्णाची, सागवानी.

"ती नको तात्या," सुमती हळू म्हणाली. "ती काकूंच्या चित्राची."

"तो कुठं जातोय? तुझ्या पोराची ट्रेन आहे."

माप मोठं होतं. करवत घेतली, कापली, जोडली. किती महिन्यांनी हात असे पळत होते!

ट्रेन मिळाली. दुसऱ्या दिवशी सुमतीचा फोन. "तात्या, लोक मागं सरकून सरकून बघतायत! एकजण खुर्चीवर आपटला!"

फोन ठेवला. अंघोळ केली, दिवा लावला, बाळकृष्णाचे डोळे मीच उघडले. डावा जरा मोठा झालाय. बायकोनं शिव्या घातल्या असत्या.

आता फ्रेम त्याला नाही. करीन. नवीन कारागिराला एवढंच सांगतो: दुसऱ्याच्या चित्रात ब्रश घालण्याआधी एकदा रस्ता ओलांडून ये.