चमचाभर कोरडा चिया

बाबांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. तीन आठवडे ते पलंगावरच होते आणि पोट साफ होत नव्हतं. हे ते मला सांगणार नव्हते, मी विचारणार नव्हते. गंगापूरला मामाकडे निघालेल्या आईने चपला घालता घालता हळूच सांगितलं, "जेवल्यावर त्यांना जवस दे."

डबा उघडला तर जवस संपलेलं. माझ्याकडे चियाचं न फोडलेलं पाकीट होतं. ह्याही बियाच, फायबर ह्यातही.

आमच्याकडे जवसाची, ओव्याची फक्की मारतात आणि वर घोटभर पाणी पितात. जास्त नाही. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पेला अर्धाच भरायची सवय लागली आहे.

"हे काय, सब्जा का?" बाबांनी विचारलं आणि चमचाभर चिया तोंडात टाकला. अर्धा पेला पाणी प्यायले. थोड्या वेळाने त्यांनी छातीवर हात दाबून धरला.

"अडकलं."

मी पाणी दिलं. ते तसंच बाहेर आलं. मग थुंकीही गिळता येईना. मांडीवर वाडगं धरून ते माझ्याकडे बघत होते. बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पाकिटाच्या मागे इंग्रजीत लिहिलं होतं की भिजवूनच खा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. पण बिया कशा खायच्या हे वाचायचं असतं, असं मला वाटलंच नव्हतं.

समोरच्या काकूंशी दोन वर्षांत मी जिन्यात हसण्यापलीकडे बोलले नव्हते. त्यांचं दार मी दोन्ही हातांनी बडवलं. काका आणि वॉचमनने बाबांना खुर्चीसकट खाली उतरवून गाडीत बसवलं.

"भाऊ, बोलता येतंय ना?" काकू म्हणाल्या.

"बोलता येतंय. गिळता येत नाय."

"मग श्वास चालू आहे. तू आता पाणी देऊ नको गं."

रस्ताभर मी बाबांच्या छातीकडे बघत होते. ती हलायची थांबेल, म्हणून डोळ्याची पापणीसुद्धा मिटवत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?"

"मीच खाल्लं काहीतरी," बाबा म्हणाले. "पोरीला काय विचारता."

मला गप्प राहता आलं असतं. अनोळखी माणसांसमोर मी गप्पच असते.

"मी दिलं," मी म्हणाले. "चिया. चमचाभर, न भिजवता. पाणी अर्धाच पेला."

डॉक्टर रागावले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्या बिया अन्ननलिकेत फुगून त्यांचा चिकट गोळा झाला होता. तो दुर्बिणीने काढायचा होता. फॉर्मवर सही करताना माझं नाव मलाच वाचता येईना.

तासाभराने बाबांना बाहेर आणलं. गोळा निघाला होता. आवाज बसला होता, पण थुंकी गिळली जात होती.

अजूनही ते जेवायला बसले की मी समोर बसते. घास खाली उतरेपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघते.

"जेवू दे की," ते म्हणतात.

मी मान खाली घालते. दुसरा घास उचलला की परत बघते.