बुऱ्हाणपूरचं पाचवं टायर

नाशिकहून निघताना हिने दोनच सूचना दिल्या. गाडी हळू चालवा, आणि तिकडे नाना जे म्हणतील त्याला हो म्हणा. पहिली सूचना मी नेहमीच पाळतो. दुसरीचा अर्थ लागला नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात अर्थ न लागताही हो म्हणायची सवय झालेली आहे, तेव्हा हो म्हणून निघालो.

जायचं होतं बुऱ्हाणपूरला. आमची एकुलती एक मुलगी सायली तिथे दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायला मी एकटाच निघालो होतो. ही डिंकाचे लाडू वळायला मागे राहिली होती. सायलीचा सातवा महिना सरत आला होता. आठवा लागला की लेकीला प्रवास करू देत नाहीत, म्हणजे हा आठवडा चुकला तर बाळंतपण तिकडेच. घरी तिची खोली रंगवून तयार होती. मला ती त्या खोलीत हवी होती, याहून वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

मी एका सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात नोकरी केली. तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही, ही तिथली शिस्त निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. वस्तू पुरती वापरून झाल्याशिवाय टाकायची नाही, ही शिस्त माझी स्वतःची. गाडीची टायरं थोडी झिजली होती हे मला माहीत होतं. अजून एक पावसाळा निघेल, असं माझं मत होतं. मागच्या पावसाळ्यापूर्वीही माझं हेच मत होतं.

धुळे, जळगाव, भुसावळ करत सावद्याच्या पुढे आलो आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. फेब्रुवारीतच ऊन चटके देत होतं, पण बागांच्या कडेने जाताना हवा ओलसर, गार लागायची. रावेर सोडल्यावर एका ठिकाणी शेतातली पाइपलाइन फुटून रस्त्यावर पाणी आलं होतं. पुढे चाललेला केळीचा ट्रक एकदम थांबला. मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती शांतपणे घसरत रस्ता सोडून मातीत गेली आणि तिथे तिला वाटलं तेव्हा थांबली.

ट्रकवाला उतरून आला. "काका, सो गए थे क्या?"

"रस्ता ओला आहे," मी म्हटलं.

त्याने रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या टायरांकडे पाहिलं आणि मान हलवत परत गेला. मी गाडी हळूच मागे घेऊन रस्त्यावर आणली. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून पुढे कुणाला सांगितली नाही.

बुऱ्हाणपूरच्या वेशीबाहेर, तापीच्या बाजूला आमच्या व्याह्यांचा केळीचा मळा आणि मळ्यातच घर. व्याह्यांचं नाव भास्करराव, पण घरीदारी सगळे त्यांना नाना म्हणतात. माणूस इतका मवाळ की लग्नाच्या बैठकीत त्यांनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र रामराम झाल्यावर पाण्याचा तांब्या येण्याआधीच ते गाडीभोवती फिरले. घड उतरवायच्या आधी माणूस केळीच्या झाडाभोवती फिरतो तसे, अंगठ्याने दाबून बघत.

"याही (व्याही), हे टायर तुम्ही पाह्यले का?"

"पाहिले की. अजून एक पावसाळा निघेल."

"पावसाया (पावसाळा) राहू द्या. याच्यावर आमची सून नाही जाणार."

मला वाटलं थट्टा आहे. ओसरीवर विहीणबाई उभ्या होत्या, त्याही हसल्या नाहीत. "आज सोमवार," त्या म्हणाल्या. "उद्या निघा. बुधवारी पोरीला घराबाहेर काढत नाही आम्ही. जाशील बुधी तर येशील कधी! अन् गुरुवारी अमावस, मग आठवा लागला. आता तुम्हीच पाहा." त्यांनी मला पाहायला सांगितलं ते टायरांविषयी होतं. कॅलेंडर त्यांनी पाहून ठेवलेलं होतं.

जावई केळीच्या मालाबरोबर दिल्लीला गेलेले, त्यामुळे माझ्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. सायली चहा घेऊन आली. चेहरा भरला होता, चालणं जड झालं होतं. "बाबा, चाय घ्या. काय विचार करून राह्यले?" असं ती म्हणाली. नाशिकची माझी मुलगी दोन वर्षांत "करून राह्यले" म्हणायला लागली होती. टायरांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. एरवी ती प्रत्येक गोष्टीत बोलते, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

बुऱ्हाणपुरात आलेले लोक शाही किल्ला पाहतात, जमिनीखालून खेळवलेलं पाणी पाहतात. मी नानांना शेजारी बसवून टायरं पाहायला निघालो. तीन दुकानं पाहीन, ही अट मी घातली. नानांनी मान डोलावली.

पहिलं दुकान इच्छापूर रस्त्यावर, दारात झालर लावलेलं. दुकानदाराने जे टायर पुढे ठेवलं त्यात आपला चेहरा दिसावा इतकं ते चकाकत होतं. भावही फारच प्रेमाचा होता. मला मोह पडला. नानांनी वाकून टायरचा वास घेतला आणि म्हणाले, "हे पावडर लावून पिकवेल (पिकवलेलं) दिसते." केळी पावडरीने पिकवली की वरून सोन्यासारखी पिवळी आणि आत कच्ची राहतात, चकाकणाऱ्या मालाबद्दल त्यांचं मत त्यामुळे कायमचं वाईट आहे. मी चष्मा लावून टायरच्या अंगावरचे चार आकडे शोधले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे; टायर कधी बनलं ते त्यावरून कळतं. हे मी निघण्यापूर्वीच वाचून ठेवलं होतं, कारण वाचायला पैसे पडत नाहीत. टायर चार वर्षांपूर्वीचं निघालं.

"अंकल, टायर दूध थोडी है, के फट जाएगा," दुकानदार म्हणाला. "चला कहाँ है? रखा हुआ ही तो है!"

मी त्याला तिथेच, नानांसमोर, व्यवस्थित समज दिली. रबर नुसतं ठेवूनही सुकतं, आतून चिरा पडतात, आणि न चाललेलं टायर म्हणजे नवं टायर नव्हे. बोलणं माझं मलाच इतकं पटलं की गाडीत बसल्यावर ते नानांना पुन्हा एकदा ऐकवलं.

दुसऱ्या दुकानातला तरुण मालक रुंद टायरं घ्याच म्हणून मागे लागला. "काका, गाडी एकदम बडी दिखेगी." गाडी मोठी दिसावी अशी माझी कधीच इच्छा नव्हती; मोठी दिसली की नातेवाईक लग्नाला न्यायला सांगतात. शिवाय कंपनीने दिलेलं माप सोडून रुंद टायर घातलं की पेट्रोल जास्त खाणार. आम्ही त्याच्याकडचं ताक पिऊन बाहेर पडलो.

तिसरं दुकान लोधीपुऱ्यात. मालक दिलीपभाऊ, वडील कागद कारखान्यात नोकरीला म्हणून महाराष्ट्रातून जवळच्या नेपानगरला आलेले, हे इकडेच वाढलेले. सायलीच्या खोलीच्या रंगाच्या खरेदीपासून सगळी हकीकत मी त्यांना सांगितली. ऐकून त्यांनी विचारलं, "गाडी सालभरात किती चालते?"

"फार नाही. भाजी, देवळं आणि बुऱ्हाणपूर."

"मग ज्यादा चालणारं महागाचं कशाला घेता? ते घिसायच्या आधीच सुकून जाईल. हे मधलं घ्या. ताजं आहे, पाण्यात पकड चांगली आहे."

मी चार आकडे पाहिले. माल दोन महिन्यांपूर्वीचा होता, माप बरोबर होतं, भाव पहिल्याहून जास्त आणि दुसऱ्याहून कमी होता. खरेदी विभागाच्या आयुष्यात इतका सरळ निर्णय मला क्वचित मिळाला होता. "दोन द्या," मी म्हटलं. पाण्यातली पकड ऐकताना रावेरची ती माती डोळ्यांसमोर आली होती, नाहीतर कदाचित एकच म्हटलं असतं.

नाना चार घ्या म्हणाले नाहीत. वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नाही. त्यांनी शांतपणे सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि म्हणाले, "बाकीचे दोन माह्याकडून."

आता मुलीच्या सासरचं काही घ्यायचं नाही, ही आमच्या घरातली चाल. माझे वडील तर आत्याच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. मी नानांचा हात धरला, नानांनी माझा धरला, दिलीपभाऊ दोन्ही हातांकडे बघत उभे राहिले. अखेर मी चार टायरं घेतली, माझ्या पैशांनी, माझ्या मर्जीने. चाकांचं बॅलन्सिंग होईपर्यंत नानांनी मला मावा जिलेबी (खव्याची, काळपट, जाडजूड जिलेबी) खाऊ घातली. तिचे पैसे मी देऊ शकलो नाही. जिलेबीला चाल लागू होत नाही, असं नाना म्हणाले.

मंगळवारी सकाळी विहीणबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. सायली भरजरी साडीत, ओटी भरलेली. विहीणबाईंनी चारही टायरांना हळदकुंकू लावलं, प्रत्येकासमोर चिमूटभर साखर ठेवली आणि कंबर धरून उभ्या राहत म्हणाल्या, "अन् पाचवं?"

"पाचवं म्हणजे?"

"स्टेपनी. रस्त्यात तीच तर कामाला येते. तिला काहून (का) सोडायची?"

मी डिकी उघडली, तीही जरा अभिमानाने. आमची स्टेपनी गाडी घेतल्यापासून एकदाही जमिनीला लागलेली नाही. नक्षी पूर्ण शाबूत, कोरी करकरीत. नानांनी अंगठ्याने तिची कड दाबली. कडेला बारीक बारीक चिरा उघडल्या, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा.

"चाललीच कुठे आहे?" मी म्हटलं. "ठेवलेलीच तर आहे!"

बोलून झाल्यावर हे वाक्य आपण कुठे ऐकलं ते मला आठवलं. नानांनाही आठवलं असावं, पण ते मवाळ माणूस, त्यांनी केळीच्या बागेकडे तोंड फिरवलं. सायली पदर सावरून वाकली आणि चार आकडे वाचून म्हणाली, "बाबा, मी दहावीला होते त्या सालचं आहे हे."

नानांनी ते चाक उचललं, मोटरसायकलला बांधलं आणि निघाले. विहीणबाई सूर्याकडे आणि मी रस्त्याकडे बघत बसलो. तो दिवस गेला असता तर पुढचा दिवसच नव्हता. मी कधी नव्हे ते मनातल्या मनात दिलीपभाऊंचं दुकान उघडं असू दे म्हणून देवाला हात जोडले.

ऊन चढल्यावर नाना आले. चाकावर नवं टायर होतं, आमच्या चारांचं भावंड. मी पाकीट काढलं.

"ठेवा ते," नाना म्हणाले.

"नाना, आमच्याकडे मुलीच्या सासरचं घेत नाहीत."

"मग नातवाचं समजा."

"बायाच्या (बाळाच्या) आधी बायासाठी काही घेत नाही," विहीणबाई मध्येच म्हणाल्या. नवऱ्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही वाटा त्यांनी बंद केल्या.

नानांनी चाक डिकीत ठेवलं आणि झाकण लावून म्हणाले, "हे टायर आमचंच आहे. तुम्ही फक्त घेऊन जाऊन राह्यले. सूनबाई येईन तवा तिच्यासंगं परत आणून द्या."

यावर आमच्या घरात कोणतीही चाल नाही. मी हो म्हटलं. विहीणबाईंनी डिकीला कुंकू लावलं, सायलीला जवळ घेतलं आणि त्या रडल्या. नानाही रडले असावेत, पण ते केळीच्या झाडांमागे गेले होते. बरोबर दराब्याचा (रवा, तूप आणि साखर फेटून केलेली इथली मिठाई) डबा दिला होता, तो मांडीवर घेऊन सायली मागच्या सीटवर बसली.

रावेरच्या अलीकडे ती पाइपलाइन अजून फुटलेलीच होती. पाण्यातून एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, निमूटपणे थांबली. म्हैस गेली तरी मी तसाच बसून होतो.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. टायरं बरी आहेत, एवढंच."

मागच्या सीटवर दराब्याचा डबा बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नानांना मीच सांगितलं होतं. दिवाळीला तुम्ही न्यायला आलात तेव्हाच मी टायरं पाहिली होती. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, अजून एक पावसाळा निघेल."

"तुझ्यासाठी मी लगेच घेतली असती."

"माहीत आहे. म्हणून तर माझं नाव पुढे केलं. पण मला माझी काळजी नव्हती, बाबा. मी गाडीत असले की तुम्ही बैलगाडीसारखी चालवता. मला न्यायला एकटे येता ना, तेव्हाची होती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भरल्या डोळ्यांनी गाडी चालवणं धोक्याचं असतं, तेव्हा पुढच्या टपरीवर थांबून चहा घेतला. सायलीने "चाय" मागवला. मी दुरुस्त केलं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा चांगला अंधार पडला होता. ही भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. लेकीवरून तो ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, तांब्यात उरलेलं पाणी एकेका चाकावर ओतलं. मग माझ्याकडे वळून हिने विचारलं, "आणि स्टेपनी?"

निघतानाच्या दुसऱ्या सूचनेचा अर्थ मला तेव्हा लागला. मी डिकी उघडून दाखवली.