मसावि, लसावि आणि ताई

ताईची बोटं आठवतात... उजव्या हाताची, सांध्यांवर सुजून निळसर झालेली, आणि तरीही सकाळी माझ्या वेण्या घालणारी. खमरियाच्या आमच्या क्वार्टरमध्ये उन्हाळ्यातल्या संध्याकाळी कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध घरभर दरवळत असे, आणि त्या गंधात बाबा आम्हा दोघींना समोरासमोर बसवून गणितं घालत. टायफॉइडमुळे ताईचं एक वर्ष बुडालं होतं, म्हणून ती माझ्याच वर्गात. आमच्या हिंदी शाळेत ज्यांना महत्तम-लघुत्तम म्हणत, त्यांना बाबा मसावि-लसावि म्हणत. जी आधी सोडवेल ती उठायची. मागे राहील तिच्या बोटांवर लाकडी पट्टी.

सुरुवातीला पट्टी दोघींच्याही वाट्याला आली. मग एकदा बारा आणि अठरापाशी माझी नजर अडली. मसावि सहा, लसावि छत्तीस. त्यांचा गुणाकार दोनशे सोळा — आणि बारा गुणिले अठरा, तेही दोनशे सोळाच. आणखी जोड्या घेऊन पाहिल्या. प्रत्येक वेळी तसंच. म्हणजे दोन संख्यांच्या गुणाकाराला मसाविने भागलं की लसावि हातात. त्यानंतर मी कधी मागे राहिले नाही.

ताई मात्र दोन्ही संख्यांचे पाढे लिहीत बसे, सारखी संख्या सापडेपर्यंत.

"तू इतक्या लवकर कशी करून राहिली? मला पण सांग ना," वेणी घालताना तिने विचारलं.

"काही नाही. पाढे पाठ कर."

खरं सांगते, लाज वाटली नाही. पट्टीचा आवाज ऐकत मी स्वयंपाकघरात मीठ लावलेली कैरी खात असे... आणि ती रुचकर लागे.

एका संध्याकाळी घाईत पाढ्यातली एक पायरी सुटली आणि चौऱ्याऐंशी व एकशे सव्वीसचा लसावि ताईने पाचशे चार काढला. दोन्हींनी भाग जात होता, पण सर्वांत लहान तो नव्हता. मी दोनशे बावन्न लिहून केव्हाच उठले होते. बाबांनी मारलं नाही. तिची वही मिटली.

"हिच्या डोक्यात गणित नाही. काहून शिकवायचं," ते आईला म्हणाले.

नववीत तिला गणिताऐवजी गृहविज्ञान घ्यायला लावलं. नर्स व्हायचं होतं तिला; ते तिथेच राहिलं. मी गणिताची शिक्षिका झाले.

मागच्या वर्षी अधारतालला ताईकडे गेले, तेव्हा तिची मुलगी लघुत्तम काढत अडली होती. "दोनों का गुणा कर, महत्तम से भाग दे दे," मी सहज बोलून गेले.

ताई चहा घेऊन दारात उभी होती.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"बाबा मला मारायचे तेव्हा?"

मी होकारार्थी मान हलवली. तिने कप माझ्यासमोर ठेवला, साखर पुरे का ते विचारलं. भाची त्यानंतर वही घेऊन माझ्याकडे आली नाही.