लाहूच्या अंगठ्याचं रक्त

माघातली थंडी. वेवजीच्या पाड्यावर धुकं असं बसलेलं की ताडांचे नुसते बुंधे दिसत होते, शेंडे नाहीत. लाहूने कमरेला कोयता खोचला आणि खोडाला बांधलेल्या बांबूच्या पेरावर पाय ठेवला. दिवाळीनंतर छातीत कळ आली, वलसाडला नेऊन नसेत स्प्रिंग बसवली, त्यानंतर तो आज पहिल्यांदा चढत होता.

ताडाचा तुरा रोज कापावा लागतो. चार दिवस सोडला की सुकतो, ताडी बंद. म्हणून मधल्या काळात लाहूच्या झाडांचे तुरे त्याचा चुलतभाऊ लडक्याने कापले. पण पाड्याची रीत अशी, की होळीला झाडाचा तुरा जो कापत असेल, पुढच्या सालीही झाड त्याचंच. आणि होळी जवळ आलेली.

"दादा, खालीच ऱ्हा ना. मी हाये," लडक्या म्हणाला.

"तू हायेस म्हणूनच चढतोय."

"दम लागला तं उतर रे मेल्या," शुक्री, लाहूची बायको, खालून ओरडली. "इथं तुझा तमाशा बघाय कोणी नाय बसला."

अर्ध्यावर तो थांबला. बांबूला कपाळ टेकून श्वास घेतला आणि पुन्हा चढला. वर तुरा कापताना गारठलेल्या हातातून कोयता निसटला, अंगठ्याला लागला. मडकं काढून घेऊन तो उतरला तो अंगठा तोंडात धरूनच.

शुक्रीने हात ओढून पाहिला. जखम बरीच होती, पण रक्त थांबलेलं.

"संक्रांतीला साधा काटा मोडला तं फडकं भिजलं होतं. आज कोयता लागला नि रगत बंद? गोळी खातोस का तू?"

लाहू लडक्याकडे बघायला लागला.

"त्याच्याकडं काहा बघतोस? मी इचारते."

"रगत पातळ करायची गोळी ती. वर हात कापला नि थांबलंच नाय तं? गेल्या बाजारापासून बंद केली."

"आणि स्प्रिंगेत गोठलं तं? अंगठ्याला फडकं बांधता येतं, काळजाला कुठून बांधशील?"

तिने तिथूनच दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला. सिस्टरचं ओरडणं लडक्यालाही ऐकू गेलं. गोळी आत्ताच घ्या, आजच दाखवायला या, डॉक्टर हो म्हणेपर्यंत झाडाचं नाव काढू नका.

शुक्री घरातून गोळी घेऊन आली आणि त्याने गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

लडक्या खाली बघत म्हणाला, "दादा, उंच झाडं मीच ठेवतो. बांधावरची दोन ठेंगणी तुझी. डॉक्टर बोलला की काप. तोवर ती मी जिवंत ठेवीन, रीत गेली चुलीत."

"उंचाची ताडी गोड लागते," लाहू म्हणाला.

"ती देईन की प्यायला."

लाहूने वर पाहिलं. धुकं विरळ होत होतं. मग तो ओट्यावर बसला, शुक्रीने अंगठ्याला चिंधी बांधली. गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती, ते उरकलं की दवाखाना. त्याने मडक्यावर फडकं धरलं आणि ताडीत पडलेले मुंगळे गाळायला लागला.