गाय गाभण आहे का?

निवृत्त होताना दवाखान्याच्या किल्ल्या, फ्रीज, कपाटं सगळं मी परत केलं. किस्से मात्र कुणी मागितलेच नाहीत! ते माझ्याबरोबर घरी आले.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्या साली पाऊस पडलाच नव्हता. जळकोटकडच्या एका खेड्यात मी जनावरांचा डॉक्टर होतो. गाईंना कृत्रिम रेतन करायचं, गावाच्या भाषेत ‘सुई लावायची’, आणि गाय गाभण आहे का ते तपासायचं, हे मुख्य काम. सोबत मलमपट्टी करणारे ड्रेसर गुरलिंगअप्पा.

*

छापील फॉर्मवर जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. गुरलिंगअप्पा ते खोडून वर ‘लातूर’ लिहायचे. एक म्हातारा गाय धरून हे बघत उभा होता.

“जिल्हा नवा झाला म्हना की!”

“हाव.”

“मंग पानी जुन्याच जिल्ह्यात ऱ्हायलं काय?”

गुरलिंगअप्पांनी पेन खाली ठेवलं.

*

उपाशी गाय माजावर येत नाही, म्हणजे फळायला तयार होत नाही. रोज कुणीतरी तीच तक्रार घेऊन यायचं आणि मी कॉलेजात शिकलेलं सांगायचो, “हिरवा चारा द्या.”

एकानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “सायेब, अख्ख्या गावात हिरवं एकच हाय. तुमच्या दवाखान्याचं दार!”

त्यानंतर मी तो सल्ला कुणाला दिला नाही.

*

गयाबाई कालवड घेऊन चार कोस चालत आली. कालवड पहिल्यांदाच माजावर आली होती. आणि रेतमात्रा गोठवून ठेवायचा माझा कंटेनर रिकामा! त्यासाठी लागणाऱ्या द्रव नायट्रोजनची गाडी आलीच नव्हती.

“न्हाई म्हंता? मंग हिचा माज थांबवायची सुई असंल तर ती द्या.”

माज एकवीस दिवसांनी फिरून येतो. बरोबर त्या दिवशी गयाबाई पुन्हा दारात हजर. या वेळी सुई लागली. जाताना म्हणाली, “हिला तारीख कळती, सायेब. तुमच्या गाडीलाच कळत न्हाई!”

*

दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीत एका गाईनं सातव्या महिन्यात मेलेलं वासरू टाकलं. गाय ते चाटत होती. मी म्हणालो, “उचला ते.” मालक तिच्याजवळ बसला होता. त्यानं माझा हात धरला.

“चाटू द्या. तिचं काम हाय ते.”

तिचं चाटून होईपर्यंत आम्ही थांबलो.

*

काशिनाथ आणि बस्वराज हे भाऊ-भाऊ. घरी एकच लाल गाय उरली होती. धाकट्या बस्वराजचं म्हणणं, बाजारात न्यावी. थोरल्याचं म्हणणं, ठेवावी. शेवटी ठरलं, डॉक्टरनं गाभण म्हटलं तर ठेवायची, नाहीतर सोमवारी बाजार. त्या साली बाजारात नेलेली भाकड गाय कुठं जायची, ते सगळ्यांना माहीत होतं.

मी हात घालून तपासलं. गर्भाशय रिकामं होतं. पुन्हा तपासलं. काशिनाथ शिंगाला धरून उभा होता. माझ्याकडे बघतही नव्हता.

“तीन महिन्यांची गाभण आहे,” मी म्हणालो.

गुरलिंगअप्पांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. बस्वराजनं मात्र दावं हातात घेतलं आणि गाय घराकडे वळवली.

नोकरीत तेवढं एकच खोटं बोललो. ते मला फार टोचत राहिलं. पुढं पाऊस झाला, गाय खरोखरच गाभण राहिली, व्याली. मग एकदा अहमदपूरच्या एसटी स्टँडवर काशिनाथ भेटला. मी सगळं सांगून टाकलं.

“ठावं हाय की,” तो म्हणाला. “तुमच्याकडं आणायच्या आदी चारच दिवस ती माजावर आलती.”

गाभण गाय माजावर येत नसते!

“म्हणजे तुम्ही धाकट्यापासून लपवलंत?”

“लपवतो कशाला? माज त्यानंच बगितला. त्यानंच येऊन मला सांगितलं.”