दिवाणातला तांदूळ

बहीण अमेरिकेतून फोनवर ओरडत होती आणि मी कर्वेनगरात चहा पीत होतो. "दादा, इथे तांदळासाठी भांडणं चाललीयेत! एका माणसाला एकच पोतं!" आपल्या सरकारने तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली होती, त्याचा हा परिणाम. मी फोन ठेवला आणि बायकोसमोर टेबलावर जागतिक व्यापार मांडला. बशी म्हणजे आपण, साखरेचा डबा म्हणजे आफ्रिका, चमचे म्हणजे जहाजं. जहाजं थांबली की डबा रिकामा, डबा रिकामा की माणसं रस्त्यावर! असं काही सांगताना माझे हात नाचतात, आवाज चढतो, मला फार मजा येते. पण त्या दिवशी भलतंच झालं. माझ्या भाषणाने मीच घाबरलो.

"अहो, बंदी म्हणजे तांदूळ इथेच राहणार ना?" बायको म्हणाली. "मग पिशवी घेऊन कुठे निघालात?"

तोवर मी रिक्षात बसलो होतो.

दुकानात माझ्यासारखे बरेच विद्वान जमले होते. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं, सगळ्यांची नजर पोत्यांवर. आमच्या घरी उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची पद्धत आहे, पण ते काम सावकाश चालतं. ऊन दाखवायचं, तांदळाला एरंडेल चोळायचं. मी भर पावसाळ्यात चार पोती उचलली. हमाल म्हणाला, "काका, पोरकिडे पडतील. गोदामातल्या गोळ्या देऊ?" कागदाच्या पुडीत त्याने गोळ्या दिल्या. कसल्या, हे मी विचारलं नाही.

पोती मधल्या खोलीतल्या दिवाणाच्या पेटीत मावली. गोळ्या मध्ये टाकल्या, फळी लावली, वर गादी. "आता जग बुडालं तरी आपला भात शिजेल!" मी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती नेहमीप्रमाणे त्याच दिवाणावर आडवी झाली. बाहेर झड होती, म्हणून खिडक्या बंद. तासाभराने म्हणाली, "डोकं फार दुखतंय. मळमळतंय." मी म्हटलं, पित्त असेल, आणि लिंबू-पाणी दिलं. ते उलटून पडलं. मी पुन्हा झोपवलं. कुठे, तर तिथेच.

पाचला स्वयंपाकाच्या ताई आल्या. वाशीमकडच्या, त्यांचे मालक धान्याच्या गोदामात हमाली करतात. दारातच थबकल्या.

"काका, वास कायचा येऊन राहिला? सडक्या लसणासारखा?"

"मला नाही येत."

"काकू कुठी आहे?"

मी मधल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि तांदळाचं, गोळ्यांचं सांगितलं. ताईंच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. त्या आत धावल्या, खिडक्या धाडधाड उघडल्या, बायकोला काखेत धरून जिन्यात नेऊन बसवलं. "ती गोळी टाकली का गोदामाला कुलूप घालतेत, काका. माणसाला आत जाऊ देत नाही!"

बायकोचे ओठ पांढरे पडले होते आणि श्वास लागला होता.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या किती होत्या?"

बोलायला मी कधी अडत नाही. त्या दिवशी बोटांवर मोजत राहिलो. "दोन. तीन असतील. आठवत नाही."

"या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नसतो," ते म्हणाले. "प्राणवायू द्यायचा, हृदयाकडे लक्ष ठेवायचं आणि थांबायचं."

मी बाकावर थांबलो. आत यंत्र टुकटुक करत होतं. मी प्रत्येक ठोका मोजत होतो. एक जरा लांबला तरी उठून दारापाशी जात होतो. तिच्याखाली शंभर किलो तांदूळ रचताना मला आफ्रिका दिसली, अमेरिका दिसली. गादीवर झोपणारी बाई तेवढी दिसली नव्हती.

सकाळी तिने डोळे उघडले. मास्क बाजूला करून म्हणाली, "तांदूळ बरा आहे ना?"

मी इतका रडलो, की नर्सला वाटलं काही वाईट झालं.

ताईंच्या मालकांनी पोती गच्चीवरच्या शेडमध्ये वाऱ्यावर ठेवली, गोळ्यांची उरलेली राख काळजीपूर्वक वेगळी केली आणि बऱ्याच दिवसांनी सांगितलं, आता चालेल. गोदामातलं धान्य असंच वारं देऊन बाहेर पडतं. मी ताईंना म्हटलं, "सगळी पोती तुम्ही न्या."

त्यांनी पदर कमरेला खोचला. "आधी तुम्ही चार दिवस खा, काका. मंग पाहू."

खाल्ला. बायको समोर बसून भाकरी खायची आणि माझ्या घासाकडे बघायची. पानावरून उठलो की मी नाडी धरायचो. जरा ढेकर आली तरी घाम फुटायचा.

पाचव्या दिवशी ताईंनी पिशवी पुढे केली. दोन किलो मोजून घेतला.

"एवढाच?"

"तुम्ही पोती नेली त्या दिवशी दुकानात मी एवढाच मागितला होता. संपला म्हणे." पिशवीला गाठ मारत त्या म्हणाल्या, "बाकीचा ठेवू कुठी? आमच्या खोलीत दिवाण नाही."

बायको त्या दिवाणावर अजून झोपत नाही. मी झोपतो, पेटी रिकामी आणि खिडकी उघडी ठेवून. तरी दुपारी मध्येच दचकून उठतो आणि हवा हुंगतो.