सासऱ्यांच्या गाडीतला हलका पिस्टन

टनभर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण त्याच्याकडे पाहिल्यावर दुसरं सुचत नाही. बसला की स्टूल कुरकुरतं, उठला की गुडघे. आणि हा माणूस पोटासाठी करतो काय, तर लोकांच्या शंभर सीसीच्या गाड्यांची इंजिनं खोलून आतल्या भागांचं वजन घटवतो. पिस्टन हलका, त्याची पिन हलकी, रॉड घासून सडपातळ. आत नाचणारं वजन जितकं कमी तितकं इंजिन चटकन फिरतं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

"हे जरा स्वतःवर करून बघ," बायको म्हणायची. शेजारच्या गाळ्यात तिचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे टोमणे ताजेताजे पोचत.

"मी चेसिस आहे. चेसिस भक्कमच लागते."

तिच्या वडिलांना हे सगळं थेरच वाटायचं. ते शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. जावयाशी बोलणं म्हणजे त्याच्या वाक्यातल्या चुका काढणं. त्यांची छोटी मोटारसायकल इतकी सावकाश चालायची की कुत्रीसुद्धा मागे लागायचा कंटाळा करत. एकदा ती धूर ओकायला लागली, तेव्हा नाइलाजाने त्यांनी ती जावयाच्या दारात आणली.

"जावईबापू, पिस्टन झिजलाय म्हणतात. होता तसाच दुसरा बसवा. कलाकुसर नको."

"नाही हो मामा, हात लावणार नाही," टनभर म्हणाला, आणि त्याच दुपारी हलका पिस्टन बसवून मोकळा झाला. खाज, दुसरं काय.

आता पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, पिस्टनच्या वजनाला तोलून धरणारा भार असतो. पिस्टन हलका केला की तोही त्या मापात कमी करावा लागतो, नाहीतर गाडी थरथरते. हे टनभरला झोपेतही ठाऊक होतं. पण सासरे दारात उभे राहून "झाली का?" विचारत होते, आणि त्यांना लवकर कटवायचं होतं.

गाडी थरथरली, ती बेतानं नाही. चौकात सिग्नलला उभे असताना मामांची वरची कवळी निसटली आणि शेजारच्या स्कूटरवर एका बाईंच्या पायाशी ठेवलेल्या भाजीच्या पिशवीत पडली. बाईंना पत्ता नाही. दिवा हिरवा झाला आणि त्या निघाल्या.

हाक मारायची तर तोंडात दात नाहीत. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला.

बाईंना त्यांनी पुढच्या चौकात गाठलं, पिशवीत हात घातला, आणि त्या किंचाळायच्या आत कवळी दाखवून खुलासा केला.

मग तडक गॅरेज. टनभरने लांबूनच ओळखलं, कारण गाडीआधी तिचा खडखडाट आला. तो स्टुलावरून उठला आणि शरणागतीच्या पवित्र्यात उभा राहिला. बायकोही मजा बघायला बाहेर आली. मामांनी नळाखाली कवळी धुतली, नीट बसवली आणि घसा साफ केला.

"थरथर काढा," ते म्हणाले. "वेग राहू द्या."

टनभरने क्रँक उतरवला, त्या भारात मोजून भोकं पाडली, वजन जुळवलं. गाडी लोण्यासारखी पळू लागली. पुढच्याच महिन्यात छोट्या गाड्यांची हौशी शर्यत होती, मातीच्या मैदानावर. मामांनी कोणाला न विचारता नाव दिलं आणि शेवटून दुसरे आले. शेवटच्याची चेन पडली होती, हे ते सांगताना गाळतात.

सासूबाई मागे बसायला अजून तयार नाहीत. "पाठीमागे बसून मला विधवा व्हायचं नाही," असं त्यांचं म्हणणं. मामा मात्र रोज संध्याकाळी गॅरेजात येतात, टॉर्च धरतात आणि गिऱ्हाइकांची वाक्यं सुधारतात. टनभर आता त्यांच्यासाठी दुसरं स्टूल शोधतोय.